रकाना

हरिश्चंद्र पेडामकर, गाव पालशेत, तालुका गुहागर.
नावातच हरिश्चंद्र, तरी खरं बोलायला
हिद्दच्या गोदीत त्याला जागा नव्हती.
दर शुक्रवारी कॅम्पच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीला आरसा टेकवून
तो आमचे केस कापायचा.
फुकट. फार तर एक कडक चहा.

व्हिसा दोन वर्षांचा. दोन वर्षांनी रक्त.
या खेपेला बाटलीवरच्या नंबरानं
माणसाच्या आधी ऑफिस गाठलं,
आणि ऑफिसातून संध्याकाळपर्यंत कॅम्प.
कुणी काही बोललं नाही. फक्त शुक्रवारी
गच्चीवर खुर्ची, आरसा, खांद्यावर टाकायचं फडकं
आणि तो.
आठ खाटांच्या खोलीत सगळ्यांचे केस मानेवर आले.
माझेही. हे लिहून ठेवतो.

युनियनची पावती मी फाडली होती
ओव्हरटाइमच्या भांडणात, स्वतःपुरती.
पाकिटात घडीवर झिजलेली ती पावती घेऊन
सय्यद मकीकडे गेलो.
मकी इथलाच, सित्राचा, क्रेनवरचा.
मराठीत त्याला 'चला' एवढंच येतं
आणि ते तो कुठेही वापरतो.
म्हटलं, आमच्या माणसाला हाकलतायत.
चौदा वर्षं. हिशेब नाही, हातात नुसतं तिकीट.
मकीनं आधी विचारलं,
'त्याचं दुखणं तुला कुणी सांगितलं?'
मी म्हटलं, सगळ्यांना माहितीय.
'मग पहिली तक्रार हीच.'

त्याला इथं ठेवून घेता येणार नाही,
हेही मकीनंच सांगितलं, नजर न चुकवता.
कायद्यापुढे आपला हात तोकडा.
पण जाणारा कसा जातो,
तिथवर हात पोचतो.

तीन बैठका. एसी असा की दात वाजावेत
आणि साहेबाला घाम.
चौदा वर्षांच्या सर्व्हिसचे पैसे,
न घेतलेली रजा,
तीन महिन्यांच्या गोळ्या,
ओढून ओढून एकेक कागदावर आलं.
अडलं ते एका रकान्यापाशी:
नोकरी सोडण्याचे कारण.
साहेब म्हणे, भरावाच लागतो.
मकी म्हणे, रिकामा राहील.
दीड तास.
मी पंख्यासाठी भांडलोय, पाण्यासाठी, पगारासाठी;
काहीच न लिहिलं जावं म्हणून
माणसं घसा सुकवतात,
हे पहिल्यांदा पाहिलं.

रिकामा राहिला.
'चला,' मकी म्हणाला. या वेळी बरोबर जागी.

त्याच आठवड्यात युनियननं मेसमध्ये एक नर्स आणली,
कोट्टयमची, लिसम्मा.
डाळ निवेपर्यंत बोलली, कशानं होतं, कशानं नाही.
नाव कुणाचं घेतलं नाही.
कात्री-कंगव्यानं होत नाही म्हणाली;
आणि वस्तऱ्याला ब्लेड दर माणसाला नवंच हवं,
कुणाला काही असो, नसो.
दुसऱ्या दिवशी वर्गणीतून ब्लेडचा खोका आला.
शुक्रवारी खुर्चीत पहिला बसला
सिल्हेटचा म्हातारा मोफिजुल.
मग त्याचा पुतण्या.
मी तिसरा.
मानेवर हरीची बोटं नेहमीसारखीच गार होती
आणि मला काय बोलावं सुचेना,
तर तोच म्हणाला, मान खाली कर.

तो गेला. खुर्ची अजून टाकीपाशी आहे.
मार्चमध्ये माझी बाटली.

माझी शिफ्ट साडेसहाला सुटते.
पालशेतला तेव्हा नऊ वाजलेले असतात,
त्याच्या गोळीची वेळ.
गेटवरूनच मिस कॉल देतो. तो कट करतो.
म्हणजे घेतली.
परवा कट केला नाही, उचलला.
मागे समुद्र, कुणीतरी भांडी घासतंय.
म्हणाला, काय रे,
कानामागं नीट कापतो का कुणी?
मी कानामागं हात नेला.
कापतो की, म्हटलं.